राजाचं तळं आणि तेल्याची कावड : शिखर शिंगणापूरची चैत्रयात्रा

मागच्या व्याख्यानानंतर दोन-तीन जणांनी एक सूचना केली. तुम्ही सातारा-सांगलीकडचे, मग एकदा आपल्याकडच्या देवळातल्या उत्सवावर बोला, नुसतं तत्त्वज्ञान किती दिवस ऐकायचं! सूचना रास्त आहे. म्हणून आज आम्ही शिखर शिंगणापूरच्या चैत्रयात्रेबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञान अगदीच टळेल असं मात्र नाही. पन्नास वर्षांची खोड आहे, ती कुठे जाणार?

आधी जागा समजून घेऊ. सातारा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर. तिथे वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेच्या टोकाला माण तालुका, दहिवडी-म्हसवडचा मुलूख. तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही येईल तेव्हा. एकाच जिल्ह्यात, एकाच कलेक्टरच्या हाताखाली, दहा-बारा पट फरक! सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे गेलेल्या महादेव डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर, शंभुमहादेवाचं देऊळ आहे. ह्या देवावरूनच रांगेला महादेवाचं नाव मिळालं. डोंगराच्या उत्तर अंगाला पडलेलं पाणी नीरेकडे जातं, दक्षिण अंगाला पडलेलं माणगंगेकडे. दोन्ही पुढे भीमेला मिळतात. डोंगरावर राहत काहीच नाही. पाण्याचा धर्मच खाली जाण्याचा. ही साधी गोष्ट आज आपल्याला शेवटपर्यंत उपयोगी पडणार आहे, तेवढी ध्यानात ठेवा.

देवळात दोन लिंगं आहेत, शिव आणि शक्ती. म्हणजे हा देव सपत्नीक आहे, आणि यात्रा म्हणजे त्यांचं लग्न. गुढीपाडव्याला उत्सव सुरू होतो, चैत्र शुद्ध पंचमीला देवाला हळद लागते, अष्टमीला रात्री लग्न लागतं. लग्नाच्या आधी शंभुमहादेवाच्या शिखरापासून जवळच्या बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत एक लांबच लांब कापड बांधतात. त्याला ध्वज किंवा धज म्हणतात. दोन शिखरांमध्ये ते ताणलं जात असताना खाली माणसं माना वर करून उभी असतात. आणि मग द्वादशीला कावडी येतात. आमचा आजचा विषय मुख्यतः ही द्वादशी.

पण त्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा.

शिंगणापूर हे नाव देवगिरीच्या यादवांच्या सिंघण राजाशी जोडतात. म्हणजे आपण तेराव्या शतकात जातो. त्याही मागे काय होतं ह्याचा शोध डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी घेतला. ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ हा त्यांचा ग्रंथ 2001 साली आला. हा देव दक्षिणेकडून, कर्नाटकातून, गवळी-धनगरांच्या आणि त्यांच्या पुढाऱ्यांच्या सोबतीने इकडे आला, श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाशी त्याचं नातं आहे, आणि भोसले घराण्याचा मूळ पुरुष शोधायचा तर तो ह्या देवाच्या वाटेवर शोधावा, अशी त्यांची मांडणी. ती सगळ्यांनी मान्य केली असं नाही. राजघराण्याचं मूळ हा आपल्याकडे नाजूक विषय, त्यात कानडी मुलूख आला की विचारायलाच नको. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. शंभुमहादेव हे भोसल्यांचं कुलदैवत आहे. शहाजीराजे, शिवाजीमहाराज, पुढे साताऱ्याची गादी, सगळ्यांची इथे ये-जा, सगळ्यांची देणगी.

आता ह्या राजघराण्याने इथे पहिलं मोठं काम कोणतं केलं? तळं बांधलं! शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे. त्यांनी सोळावं शतक संपून सतरावं लागण्याच्या सुमारास शिंगणापुरात मोठं तळं बांधवून घेतलं. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यात ह्याचा उल्लेख आहे. परमानंद महाराजांच्या पदरचा कवी. राजाच्या आजोबांची थोरवी सांगायची तर लढाया होत्याच. त्याने लढायाही सांगितल्या, पण शंभूच्या डोंगरावर जमणाऱ्या लोकांचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून मालोजींनी तिथे तळं केलं, हेही सांगितलं. आम्हाला हा उल्लेख फार मोलाचा वाटतो. चारशे वर्षांपूर्वीही इथे मोठी यात्रा भरत होती, आणि यात्रेची पहिली अडचण पाणी हीच होती, हे त्यातून कळतं.

आणि यात्रा कधी? चैत्रात. माणदेशात चैत्र म्हणजे काय हे ज्याने व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ किंवा ‘बनगरवाडी’ वाचली आहे त्याला सांगायला नको. विहिरीचा तळ दिसतो. ओढ्यात झरा उकरायचा आणि वाटीवाटीने घागर भरायची. मेंढरं घेऊन धनगर कधीच दूर गेलेले असतात. बरोबर त्याच दिवसांत लाखो माणसं डोंगरावर चढतात आणि, बघा, पाणी घेऊन चढतात.

कावड म्हणजे आडव्या दांड्याच्या दोन टोकांना दोन भांडी. श्रावणबाळाच्या चित्रातली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण शिंगणापूरच्या मानाच्या कावडी एका माणसाच्या खांद्यावरच्या नव्हेत. तांब्याची मोठाली भांडी, जाड दांडा, वर सजावट, एकेका कावडीला खांदा द्यायला माणसांचा जथा लागतो. गावोगावच्या कावडी कित्येक दिवस चालत येतात. सगळ्यांत मान सासवडच्या कावडीचा. ती तेल्याभुत्याची कावड. भुतोजी तेली नावाचा एक भक्त होऊन गेला, तो सासवडहून देवाला पाणी घेऊन यायचा, त्याच्या नावाने आजही पंचक्रोशीतली गावं ती कावड आणतात, असं परंपरा सांगते. सासवड कऱ्हेच्या काठी आहे. म्हणजे पुण्याजवळच्या एका नदीकाठचं गाव सातारा जिल्ह्याच्या कोरड्या टोकावर पाणी आणतं.

आता ह्यातली एक गोष्ट लक्षात आली का? देव राजाचा. छत्रपतींचं कुलदैवत. आणि कावडीत पहिला मान तेल्याचा. जुन्या गावगाड्यात तेल्याचं स्थान काय होतं हे आम्ही वेगळं सांगत नाही. सकाळी समोर आला तर अपशकुन मानणारे लोक होते. त्याच तेल्याचं नाव घेतल्याशिवाय राजाच्या देवाची यात्रा पुरी होत नाही. राजाने पाणी दिलं त्याची नोंद संस्कृत काव्यात झाली. तेल्याने पाणी दिलं त्याची नोंद माणसांच्या खांद्यावर झाली, आणि दरवर्षी नव्याने होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही साधनं वाचावीत. पहिल्यासाठी ग्रंथालय पुरतं, दुसऱ्यासाठी घाट चढावा लागतो.

हा घाट म्हणजे मुंगी घाट. डोंगराच्या माळशिरसकडच्या बाजूला, कोथळे गावावरून वर येणारा. मुंगीनेच चढावा असा, म्हणून मुंगी घाट, असं लोक सांगतात. खालून बघितलं तर चढणारी माणसं मुंग्यांसारखी दिसतात, असंही कोणी सांगतात. वर यायला सोपा रस्ता आहे, एसटी जाते, मोटारी जातात. कावड मात्र मुंगी घाटानेच यायची, हा शिरस्ता. द्वादशीला दुपार कलल्यावर चढण सुरू होते. कडा इतका उभा की कावड खांद्यावर घेऊन नुसतं चालणं अशक्य. मग माणसांची साखळी होते. वरचा खालच्याला हात देतो, खालचा कावड वर लोटतो, कोणी दगडाला पाय रोवून दुसऱ्याला खांद्याचा आधार देतो, आणि कावड वीत-वीत वर सरकते. तोंडाने काय चाललेलं असतं? ‘हर हर महादेव’ तर आहेच. पण त्याबरोबर ‘म्हाद्या, धाव!’ असा पुकारा. महादेवाला म्हाद्या! घरातल्या पोराला किंवा आळशी बैलाला घालावी तशी हाक. आमच्या एका व्युत्पन्न मित्राला हे ऐकून वाईट वाटलं होतं. आम्हाला वाटतं, ज्याच्याकडून खरोखर मदतीची अपेक्षा आहे त्यालाच माणूस असा अरेतुरे करतो. साहेबाला कोणी ‘धाव’ म्हणत नाही, अर्ज करतो.

अमेरिकेतल्या विदुषी अॅन फेल्डहाउस महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हिंडल्या आहेत. ‘कनेक्टेड प्लेसेस’ ह्या 2003 सालच्या ग्रंथात त्यांनी शिंगणापूरच्या कावडींचा बारकाईने विचार केला आहे. वेगवेगळ्या खोऱ्यांतले लोक आपापलं पाणी एका डोंगरावर आणतात, आणि त्यातून आपण एका प्रदेशाचे आहोत ही जाण घडते, अशी त्यांच्या विवेचनाची दिशा. ती आम्हाला पटते. पण आम्ही इथलेच असल्यामुळे आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती दिसायला आम्हाला फार उशीर लागला, आणि त्याची कबुली आज द्यायची आहे.

1972चा दुष्काळ. आम्ही नुकते प्राध्यापकीला लागलो होतो. वय चोविसाच्या आसपास, डोक्यात नवीनच शिरलेलं पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत. माणात खडी फोडायच्या कामावर बायाबापड्या उन्हात बसलेल्या. सुकडी वाटली जायची. पुढच्या चैत्रात आम्ही दोघं-तिघं मित्र मुद्दाम यात्रा बघायला गेलो. खालच्या गावात रिकाम्या घागरींची रांग पाहिली आणि वर पाहिलं तर भांडीच्या भांडी पाणी दगडाच्या लिंगावर ओततायत! आम्ही परत येऊन एका वक्तृत्वसभेत तडाखेबंद भाषण ठोकलं. पाण्याची ही नासाडी म्हणजे बुद्धीची दिवाळखोरी, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाला वाटतं आपलं बरोबर आहे.

पण यात्रेच्याच दिवशी घडलेली एक गोष्ट आम्ही त्या भाषणात सांगितली नव्हती. घाटाच्या माथ्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. खांदा सुजलेला. भाकरी खात होते, आम्हालाही चतकोर दिली. आम्ही आमचा प्रश्न त्यांना विचारला. एवढं पाणी वाया घालवून काय मिळतं हो? त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, ‘मास्तर, तुमच्या गावाला नदी हाय का?’ आम्ही म्हटलं, आहे, कृष्णा. ‘मग तुमाला पाणी उचलायचं ठावं नसंल,’ म्हणाले, आणि भाकरीचं फडकं झटकून उठले.

त्या वेळी आम्हाला ते उत्तर चुकवणं वाटलं. पुढे कितीतरी वर्षांनी मीमांसा शिकवताना ते आठवलं. पूर्वमीमांसेत यागाची व्याख्या काय? देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग. आणि गंमत अशी की कर्मकांडाचे हे सर्वांत कडवे पुरस्कर्ते देवतेला शरीर आहे असं मानायलाच तयार नाहीत. शबरस्वामी स्पष्ट म्हणतात की देवता काही येऊन खात नाही. आमच्याच जिल्ह्यात वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश निघाला, त्याचे सात खंड आहेत. हा सगळा खल ज्यांना बघायचा त्यांनी तिथे बघावा. आमचा मुद्दा एवढाच, की देव पाणी पीत नाही हे सांगून आम्ही त्या म्हाताऱ्यावर मात केली असं आम्हाला वाटलं होतं. ते तर मीमांसकांनी दीड हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं! प्रश्न त्याग कशाचा केला हा आहे. महाबळेश्वरात आषाढात कोणी देवावर पाणी ओतलं तर त्याने काय टाकलं? काहीच नाही. चैत्रात माणच्या डोंगरावर ओतलेलं पाणी हे तिथलं सर्वांत महाग द्रव्य. आणि टँकरच्या हिशेबात बघाल तर एका कावडीतलं पाणी नगण्य आहे. त्याने कुणाची तहान भागली नसती. आम्ही नासाडी म्हणून मोजलं ते पाणी फार थोडं होतं. मोजायला हवे होते ते खांदे, आणि ते आम्ही मोजलेच नाहीत.

आता त्या म्हाताऱ्यांच्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे येऊ. पाणी उचलणं. पाणी आपोआप खाली जातं, ज्यांच्या दारात जातं त्यांना ते हक्काचं वाटतं. वर राहणाऱ्याला ते उचलून आणावं लागतं. मुंगी घाटाच्या माथ्यावर उभं राहून उत्तरेकडे बघा. दूर माळशिरस-अकलूजकडे हिरवा पट्टा दिसतो, ऊस. नीरा उजव्या कालव्याचं पाणी. पाठ फिरवून दक्षिणेला बघा, माण. मधे एक डोंगर. कालवा डोंगर चढत नाही.

इंग्रज सरकारने इथे काय केलं? 1876 ते 78चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा म्हसवडजवळ राजेवाडीचा मोठा तलाव दुष्काळी काम म्हणून हाती घेतला. मोठं काम, आजही उभं आहे. पण त्याच्या कालव्याचं पाणीही उताराने पुढेच जातं. स्वातंत्र्यानंतर काय? 1972ने रोजगार हमी आणली. तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी पहिला प्रयोग करून पाहिला होता. हाताला काम मिळालं. पाणी मात्र मिळालं नाही. 1976 साली बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा वाटा 560 टीएमसी ठरवला. आता हे 560 टीएमसी कोणाचं? नदीकाठच्यांचं, की जिल्ह्यातल्या सगळ्यांचं?

हा प्रश्न मोठ्याने विचारला तो दुष्काळी तालुक्यांनीच. 1993 साली आटपाडीला पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर ही मंडळी पुढे होती. नागनाथअण्णा वाळव्याचे, म्हणजे कृष्णाकाठचे, प्रतिसरकारमधले सैनिक. हे विशेष लक्षात घ्या, की ज्याच्या दारात नदी आहे तो माणूस कोरड्या तालुक्याच्या बाजूने उभा राहिला. मागणी होती समन्यायी पाणीवाटपाची : जमीन असो-नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा. 1996 साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ ह्या उपसा योजना, आणि आमच्या खटाव-माणसाठी जिहे-कठापूर. कृष्णेवर बंधारा, तिथून पाणी पंपाने उचलायचं, नेर तलावात, आणि तिथून बोगद्याने माणगंगेवरच्या आंधळी धरणात. गेल्या काही वर्षांत ते पाणी खरोखर आंधळीत आलं. आम्ही बघायला गेलो होतो. गुडघे कुरकुरत होते, तरी गेलो. धरणाच्या काठावर बाया पाण्याला हळदकुंकू वाहत होत्या, ओटी भरत होत्या. पूर्वी आम्ही हसलो असतो.

‘उपसा’ ह्या शब्दाचा अर्थच मुळी उचलणं. पंपाची कावड म्हणा हवं तर. फरक आहे, तो लपवायचं कारण नाही. कावडीला वीजबिल येत नाही, आणि उपसा योजनेत बिल कोणी किती भरायचं ह्यावरून वर्षानुवर्षं पंप बंद पडलेले सातारा-सांगलीने पाहिले आहेत. कावडीला खांदा देणाऱ्याची जमीन किती हे कोणी विचारत नाही, योजनेचं पाणी मात्र ज्याची जमीन मोठी त्याच्या उसाला आधी मिळतं. 1993ची ती मागणी, जमीन नसलेल्यालाही वाटा, अजून कागदावरच आहे. मुंगी घाटात वरचा माणूस खालच्याला हात देतो तेव्हा खालचा सुटला तर कावडही खाली जाणार हे त्याला ठाऊक असतं. नदीकाठच्या तालुक्यांना हे एवढं स्वच्छ कधी दिसलेलं नाही. आम्ही नदीकाठचे म्हणून हे बोलतोय.

मधल्या काळात माणने आपल्यापुरता दुसरा मार्गही धरला. उचलायचं नाही, अडवायचं. 2018 साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा राज्यात पहिला क्रमांक आला. त्या श्रमदानाचे दिवस कोणते? एप्रिल-मे. म्हणजे पुन्हा चैत्र-वैशाखच. रात्री दिव्यांच्या उजेडात गावं सलग समतल चर खणत होती, आणि पाटी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. ही साखळी ह्या लोकांना कोणत्याही प्रशिक्षणात शिकवावी लागली नसणार, असं आपलं आम्हाला वाटतं. पुरावा विचाराल तर नाही.

असो. वेळ होत आला. एक शेवटची गोष्ट सांगतो आणि मग प्रश्न घेऊ. अलीकडे दरवर्षी एक सूचना पुढे येते, की मुंगी घाट धोक्याचा आहे, तर कावडी सरळ गाडीरस्त्याने वर आणाव्यात, निदान मोठ्या कावडी तरी. सूचना करणारे शहाणे लोक आहेत. साताऱ्यात मांढरदेवला 2005 साली काय घडलं ते आम्ही विसरलेलो नाही. शेकडो माणसं गेली. तेव्हा कठडे हवेत, दिवे हवेत, डॉक्टर हवेत, पायऱ्यांवर पाणी सांडून निसरडं होऊ नये इतकी साधी काळजीसुद्धा हवी. ह्यात श्रद्धेचा प्रश्न आणू नये. पण कावड गाडीत घालून वर आणली तर आलेलं पाणी तेच असेल का, ह्याचं उत्तर आमच्यासारख्या नदीकाठच्या माणसाने देऊ नये. ज्यांच्या खांद्यावर घट्टे आहेत त्यांना विचारावं. पुढच्या चैत्रात जमलं तर तुम्ही स्वतःच जा. द्वादशीला दुपारी चारच्या आत घाटाच्या माथ्यावर पोचा, नंतर जागा मिळत नाही. आणि जाताना मालोजीराजांचं तळं बघून जा, त्यात पाणी किती उरलंय तेवढं आम्हाला येऊन सांगा.